हनीफ भिंगरी

हनीफभाईला मी पहिल्यांदा स्वस्थ बसलेला पाहिला तेव्हा मला आधी भीतीच वाटली. एका पिकअपच्या स्टिअरिंगमागे तो ताठ बसला होता. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर, कपाळावरून घाम गळतोय आणि तो पुसायलाही हात उचलत नाही. मी दुकानातली खुर्ची सोडून धावत बाहेर आलो. मी धावलो, हीसुद्धा आमच्या गावात बातमीच म्हणायची. पण त्या दिवसाकडे जाण्याआधी हा माणूस काय चीज होता ते सांगायला हवं. नाहीतर एक मेकॅनिक गाडीत बसला, यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल.

संग्रामपुरात वरवटच्या रस्त्याला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून हनीफभाईचं गॅरेज. मी जन्माचा बसका माणूस. माझी बायको म्हणते, यांना एक दिवस खुर्चीसकट उचलून जेवायला न्यावं लागणार. अशा माणसाला शेजार मिळाला तो पायाला भिंगरी लागलेल्याचा. गावात त्याला हनीफ भिंगरीच म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला राग येत नसे, कारण राग यायला तो तिथे थांबलेलाच नसे.

एका जीपचं बॉनेट उघडायचा, पान्हा लावायचा, तेवढ्यात पलीकडे कुणी ट्रॅक्टर चालू केला की याचे कान टवकारायचे. "अबे, पंप मरून राह्यला तुया!" असं ओरडत तो तिकडे. तिथून निघाला की वाटेत कुणाच्या मोटरसायकलची चेन सैल दिसायची. जीपवाला बिचारा उघड्या बॉनेटपाशी वाट पाहत उभा. बोल्ट ठेवायला खिसा असताना हा माणूस ते ओठात धरायचा आणि बोल्ट धरूनच बोलायचा. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला वाटायचं, याला बोलण्यात काही दोष आहे.

गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांसाठी जुन्या जीपची मागची सीट टाकलेली होती. त्या सीटवर मी दुपारच्या दुपारी काढल्या असतील. हनीफभाई मात्र एकदाही टेकला नाही. "बसा ना घडीभर," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "बसला तो फसला, सुधाभाऊ. हात चालू त डोकं चालू." शुक्रवारच्या नमाजेला तेवढा तो शांत बसायचा म्हणे. मी एकदा विचारलं, तिथं कसं जमतं? तर म्हणाला, "तिथी मालकासमोर असतो ना. इथी काय, तुमच्यासमोर!"

आणि चहा. चहा त्याला दर घटकेला लागायचा आणि एकही पूर्ण कधी प्यायचा नाही. दोन घोट, की ग्लास जिथे असेल तिथे ठेवून पसार. संध्याकाळी हॉटेलवाला गजानन ग्लास गोळा करत फिरायचा. कुणाच्या मडगार्डवर, माझ्या काउंटरवर, पाण्याच्या टाकीवर, एकदा तर लिंबाच्या बेचक्यात. सगळ्या ग्लासांत अर्धा अर्धा चहा, वर साय धरलेली. "या माणसानं मुंग्यायलेच जास्त चहा पाजला," गजानन म्हणायचा.

त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नातली गोष्ट गावात अजून सांगतात. वरात आली. नवरदेवाच्या गाडीचा सायलेन्सर फाटलेला, आवाज असा की मंडपातली पोरं रडायला लागली. पुढे निकाहाची वेळ झाली, काजीसाहेब येऊन बसले, आणि मुलीचा बाप कुठेच नाही. सगळा मोहल्ला शोधायला निघाला. मला मात्र जागा माहीत होती. नवरदेवाच्या गाडीखालून नव्याकोऱ्या कुर्त्याची किनार आणि दोन पाय बाहेर आलेले. मी पाय धरून ओढले.

"हनीफभाई, तिकडे निकाह अडून राह्यला तुमच्यापायी!"

"झालंच, झालंच," आतून आवाज आला. "पोरगी याच गाडीत जाईन ना? अशा फाटक्या आवाजात कशी पाठवू तिले?"

बाहेर आला आणि त्याच हातांनी व्याह्यांना मिठी मारली. पांढऱ्या शेरवानीवर पाच बोटं उठली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती बोटं आहेत.

आता प्रमिलाताईंबद्दल. टुनकीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्यांची संत्र्याची बाग. लहानपणच्या तापात डावा पाय लुळा पडलेला, तो ओढत चालायच्या. नवरा वसंतराव, गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा. आमच्याकडच्या खाऱ्या पाण्यानं किडनीचं दुखणं घरोघर पोचलंय, ते त्यांच्याही घरी आलं. आठवड्यातून दोनदा खामगावला डायलिसिस. गाव आडवळणाला, एसटीचा भरवसा नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहणं प्रमिलाताईंच्या स्वभावात नाही. त्यांनी जुनी पण बिनक्लचची, ऑटोमॅटिक गिअरची पिकअप शोधून आणली. डाव्या पायाला कामच नाही. पुढे दोन रांगा माणसांना, मागे संत्र्याचे क्रेट. आमच्या भागात तशी दुसरी नव्हती. लोक हसले. बाई, तीही पायानं अधू, गाडी हाकणार!

शिकवायला अर्थात हनीफभाई. तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. ताई स्टिअरिंगवर, हा शेजारी, गाडी सावकाश टुनकीच्या रस्त्यानं चाललेली. याला मागच्या चाकात काहीतरी करकरलं. झालं! दार उघडून हा चालत्या गाडीतून खाली, चाकाबरोबर वाकून पळत. ताईंची नजर समोरच्या रस्त्यावर. त्या आपल्या "आता वळवू का? भाई, वळवू का?" असं विचारत पुढे. उत्तर येईना तेव्हा बाजूला पाहिलं तर सीट रिकामी. घाबरून थांबतील तर त्या प्रमिलाताई कसल्या. पुढच्या फाट्याला वळवून गाडी परत घेऊन आल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गुरूला काचेतून म्हणाल्या, "चाला, बसा. मी तुमाले घरी सोडून देतो."

"पाह्यलं?" हनीफभाई सगळ्यांना सांगत सुटला. "मी उतरलो म्हून शिकल्या!"

असा हा माणूस. हसावं की डोक्याला हात लावावा कळत नसे. पण त्याच्या घाईत दुष्टावा कुठेच नव्हता, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पुढे जे झालं तेही चांगुलपणातूनच झालं.

वसंतरावांचे पाय सुजायला लागले होते. पिकअप उंच. चढताना ताई खालून त्यांना रेटायच्या, स्वतःचा अधू पाय सांभाळत. एक दिवस माझ्या दुकानासमोर औषधासाठी गाडी थांबली आणि पुन्हा चढताना दोघंही पडता पडता वाचली. हनीफभाईनं ते पाहिलं. त्याच्या ओठातला बोल्ट खाली पडला.

"थांबा ताई. एक मिनिट. एकच मिनिट!"

पळत गेला, लोखंडी अँगलचा तुकडा आणला, वेल्डिंगचं मशीन ओढत आणलं. अर्थिंगचा चिमटा गाडीखाली हात जाईल तिथे अडकवला. चर्र करून ठिणग्या उडाल्या. मागच्या दाराखाली पायरी झाली, वर धरायला दांडा झाला. एवढ्यावर भागलं नाही, पिवळा रंगही फासला. वसंतराव पायरीवर पाय ठेवून, दांडा धरून वर चढले आणि कितीतरी दिवसांनी हसले. ताईंनी हात जोडले. पण हात जोडलेले बघायला हनीफभाई कुठे होता? तो मळणी यंत्राखाली गेलेला.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, ते पुढच्याच खेपेला कळलं. खामगावहून परत येताना पिकअपनं धक्का खाल्ला, स्टिअरिंगसमोरचा इशाऱ्याचा दिवा लुकलुकायला लागला आणि गिअर एकाच जागी अडकला. चढ आला की गाडी धापा टाकायची. मागे वसंतराव, डायलिसिसनं गळून गेलेले, मान टाकून पडलेले. बैलगाडीच्या चालीनं ताईंनी ती गाडी संग्रामपूरपर्यंत आणली आणि गॅरेजसमोर उभी करून म्हणाल्या, "भाई, पाहा बरं हिले काय झालं. परवा मले पुन्हा जायाचं हाय."

हनीफभाईनं काय नाही केलं? तेल पाहिलं, फ्यूज पाहिले, वायरी चाचपल्या, बॅटरी काढून लावली. गाडीच्या या बाजूनं शिरायचा, त्या बाजूनं निघायचा. साध्या गिअरची गाडी असती तर त्यानं डोळे मिटून उघडली असती. ही त्याला काही सांगेना. संध्याकाळपर्यंत त्याच्या फेऱ्या मोजून माझीच मान दुखायला लागली. शेवटी मीच म्हटलं, अकोल्याच्या त्या विजयला बोलवा, त्याच्याकडे मशीन आहे.

विजय दुसऱ्या दिवशी सकाळी आला. शांत पोरगा, बोलणं कमी. त्यानं गाडीला वायर जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बघत राहिला. हनीफभाई त्याच्याभोवती घिरट्या घालत होता.

"गिअरबॉक्स चांगला आहे," विजय म्हणाला. "गिअर कधी बदलायचा हे ज्या डबीतून ठरतं, ते मॉड्यूल गेलंय. दुरुस्त नाई होत. बदलावंच लागेल."

"काऊन गेलं पण?"

विजयनं डोकं वर केलं. "इतक्यात वेल्डिंग केलं होतं का गाडीवर? बॅटरीचं टोक न काढता?"

प्रमिलाताई रस्त्यापलीकडे फोनवर होत्या, उद्यासाठी कुणाची गाडी मिळते का ते पाहत होत्या. त्यांनी काही ऐकलं नाही. मी ऐकलं. मी पिवळ्या पायरीकडे पाहिलं, मग हनीफभाईकडे. जुन्या जीपा आणि ट्रॅक्टर त्यानं आयुष्यभर असेच जोडले होते. त्यांत जळायला काही नव्हतंच. विजयनं पायरी पाहिली, समजला, आणि काही न बोलता वायर गुंडाळायला लागला. म्हणजे आता हे तिघांत राहिलं असतं. मॉड्यूल म्हातारं झालं होतं, गेलं. गाडी तशीही जुनीच होती. कोण विचारणार होतं?

"आलोच," म्हणून हनीफभाईनं मोटरसायकलला किक मारली.

मला वाटलं, सटकला. खरं सांगतो, मला त्याचा राग आला. पण जरा वेळानं तो दुकानासमोरून गेला. थांबला नाही. बसस्टँडला वळसा घालून पुन्हा आला, पुन्हा तसाच गेला. तिसऱ्या वेळी गाडी हळू झाली, त्यानं पाय खाली टेकवला, आणि पुन्हा वेग घेतला. त्या माणसाचं मन कुठे कुठे धडका देत होतं ते मला रस्त्यावर दिसत होतं. मग चौथ्या वेळी त्यानं गाडी बंद केली, स्टँडला लावली आणि प्रमिलाताईंसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, ती डबी मी जाळली."

"काय म्हणता?"

"पायरीच्या वेल्डिंगनं. आधी बॅटरीचं टोक काढाले पाह्यजे होतं. नाई काढलं. घाई केली."

मला वाटलं, ताई आता जाऊ द्या भाई, असं काहीतरी म्हणतील. गोष्टींत माणसं तसं म्हणतात. ताईंचा चेहरा लाल झाला.

"मी म्हटलं होतं तुमाले, पायरी करा म्हून?"

"नाई."

"मंग? यायच्या डायलिसिसच्या दोन खेपा चुकल्या त माणूस हातचा जाईन माया. तुमचं ते एक मिनिट! माणसाच्या जिवाचं काही हाय का नाई तुमाले? सारी जिंदगी नुसते पयत राह्यले."

पळण्याचं ते शेवटचं वाक्य बोलताना ताईंना त्याचा अर्थ माहीत नसणार. मला माहीत होता, थोडासा. हनीफभाईचा चेहरा एकदम उतरला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"उद्याची खेप माझी," तो म्हणाला. "डबी येईस्तोवर साऱ्या खेपा माझ्या."

मॉड्यूल लांबून यायचं होतं. ते येता येईना. आज निघालं, उद्या येतंय, ट्रान्सपोर्टात अडकलंय. हनीफभाईनं त्या दिवसांत विजयला इतके फोन केले की विजयनं शेवटी उचलणं सोडलं. इकडे ठरलेल्या दिवशी भल्या सकाळी हा आपली खडखडी जीप घेऊन टुनकीच्या पुढे हजर. ताई पुढच्या सीटवर, त्याच्याशी एक शब्द न बोलता. असं कितीतरी दिवस चाललं.

एका खेपेला माझंही खामगावात काम होतं म्हणून मी जीपमध्ये बसलो. काम आटोपून दवाखान्यात गेलो. वसंतराव आत मशीनला लावलेले, ताई त्यांच्या उशाशी. आणि हा बाहेर. सुया टोचल्यापासून काढेपर्यंत चार तास. चार तास हनीफभाईनं करायचं काय? गेटची बिजागरी त्यानं ठोकून बसवली होती. डुगडुगणाऱ्या बाकड्याला पाचर मारली होती. मी गेलो तेव्हा स्ट्रेचर उलटं करून त्याच्या चाकाला तेल देत होता आणि सिस्टरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"भाऊ, तुम्ही पेशंटचे नातेवाईक आहात की सुतार?"

आतून वसंतरावांनी निरोप पाठवला, भाईंना म्हणावं आत येऊन बसा, गप्पा मारू. हनीफभाई दारापर्यंत गेला. आत मशीन हळूहळू फिरत होतं, नळीतून लाल रक्त जात-येत होतं. त्यानं दाराची चौकट धरली, आणि फिरून थेट रस्त्यावर आला.

मी त्याच्यामागे गेलो. तो जीपच्या टायरला लाथा मारून हवा पाहत होता. हवा ठीकच होती.

"जमीलाले असंच नेत होतो, अकोल्याले," टायरकडे बघतच तो म्हणाला.

जमीलाभाभी म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन काही वर्षं झाली होती. याच दुखण्यानं गेली, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यापुढचं त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"रोज म्हणे, जरा बैठो ना मेरे पास. मी म्हणो, आलोच. दवाईच्या गोया आणतो, पाणी आणतो, डॉक्टरले पाहून येतो. तिथलाबी एक पंखा दुरुस्त केला मी, सुधाभाऊ. शेवटच्या दिवशीबी म्हणे, बैठो. मी म्हटलं, नारयपाणी घेऊन येतो." त्यानं पुन्हा एक लाथ मारली. "नारयपाणी घेऊन आलो मी."

मला रडू आलं, ते मी रस्त्याकडे तोंड करून लपवलं. परत फिरून पाहतो तर हा जीपखाली.

शेवटी मॉड्यूल आलं. तळहातापेक्षा थोडी मोठी काळी डबी. एवढ्याशा डबीनं तीन माणसांची झोप उडवली होती. त्या दिवशी ताई आणि वसंतरावही गॅरेजवर आले होते. हनीफभाईनं सगळ्यात आधी बॅटरीचं टोक काढलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि ते आपल्या हातानं दूर धरून विजयला दाखवलं, परीक्षेत दाखवतात तसं. मग जुनी डबी सोडवली, नवी बसवली, खटके दाबून वायरींचे जोड लावले, नटबोल्ट घट्ट केले. पहिल्यांदाच ते बोल्ट त्यानं ओठात न धरता फडक्यावर मांडले होते.

मला वाटलं, संपलं. विजय म्हणाला, "आता खरं काम. नव्या डबीले या गाडीचा गिअरबॉक्स ओळखीचा नाही. ओळख करून द्यावी लागते. इंजिन चालू ठेवून कोणीतरी स्टिअरिंगवर बसायचं. पाय ब्रेकवर दाबून. मी सांगतो तसा गिअरचा दांडा टाकायचा आणि थांबायचं. मी म्हणेपर्यंत पाय हलला नाही पाहिजे. हलला की पुन्हा पहिल्यापासून."

सगळे ताईंकडे पाहायला लागले. गाडी त्यांची. ताई जागच्या हलल्या नाहीत.

"भाईले बसवा," त्या म्हणाल्या. "त्यायनं बिघडवली. त्यायनं बसावं."

ज्या हनीफभाईनं कधी इंजिन उतरवायला मागेपुढे पाहिलं नसेल, तो त्या सीटकडे विहिरीत डोकावावं तसा बघायला लागला. चढला. पाय ब्रेकवर ठेवला. विजय शेजारी लॅपटॉप घेऊन. थोडा वेळ गेला असेल नसेल, रस्त्यावरून एक टेम्पो गेला. "बेल्ट ढिला हाय त्याचा!" म्हणून हा दाराबाहेर अर्धा. पाय सुटला.

"पहिल्यापासून," विजय म्हणाला.

दुसऱ्यांदा बसला. बोटं स्टिअरिंगवर तबला वाजवायला लागली. मग कसला तरी आवाज ऐकू आला म्हणून वाकला, आणि पाय सुटला. विजयनं निःश्वास टाकला. ताईंनी तोंड फिरवलं. पुढच्या दिवशी पुन्हा खामगावची पाळी होती.

मी दुकानात आलो होतो, वसंतरावांना बसायला माझी खुर्ची बाहेर पाठवली होती आणि उभ्यानंच कुणाला तरी तूर दाखवत होतो. दुसरी खुर्ची ओढून बसतो न बसतो तोच बाहेरची सगळी गडबड थांबली. ठोकाठोक नाही, हाका नाहीत, नुसतं पिकअपचं इंजिन घुमतंय. हनीफभाईच्या गॅरेजमध्ये भर दिवसा शांतता मी कधी ऐकली नव्हती. म्हणून धावलो.

झालं होतं ते असं. वसंतराव खुर्चीवरून उठून गाडीच्या खिडकीपाशी गेले होते. बाही वर करून त्यांनी आपला हात खिडकीवर ठेवला होता. सुया टोचून टोचून फुगलेल्या शिरांचा हात.

"भाई," ते म्हणत होते, "मी हा हात चार घंटे हालवत नाई. खाज सुटते, माशी बसते, हालवत नाई. तुमी एवढा पाय धरा. मी उभा हाय इथी."

हनीफभाई त्या हाताकडे पाहत होता. मग त्यानं समोर पाहिलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. विजय म्हणाला, टाका, की एक हात दांड्यावर जायचा आणि परत मांडीवर. रस्त्यावरून ट्रक गेला, ट्रॅक्टर गेला, एका मोटरसायकलनं तर समोरच फटफट करून जीव सोडला. हनीफभाईनं मान वळवली नाही. घाम डोळ्यांत गेला असणार, कारण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घामच असेल असं मी तेव्हा धरून चाललो. वसंतराव सुजलेल्या पायांवर उभेच होते. मी खुर्ची त्यांच्यामागे सरकवली तरी ते बसले नाहीत.

"झालं," विजय म्हणाला. "सोडा पाय."

हनीफभाईनं पाय लगेच सोडला नाही. विजयला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

मग चालवून बघायची. तीही पळवायची नाही. हलका पाय ठेवून एकेक गिअर आपोआप पडेल तोवर वाट पाहायची. ताई स्टिअरिंगवर बसल्या, हनीफभाई शेजारी. वरवटपर्यंत जाऊन आले. या वेळी तो मध्ये उतरला नाही. आल्यावर ताई म्हणाल्या, "भाई, चहा सांगा." तेवढंच. कितीतरी दिवसांनी त्या त्याच्याशी नीट बोलल्या होत्या. तो मला म्हणाला, "बसूनबी गाडी दुरुस्त होते, सुधाभाऊ. मले मालूमच नोतं." आणि चहाचे दोन घोट घेऊन ग्लास पिकअपच्या टपावर ठेवून निघून गेला. त्या संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीवर निळ्या रंगात अक्षरं उमटली, वेल्डिंगआधी बॅटरी काढा. घाईत लिहिलेली, उतरत गेलेली.

माणूस एका दिवसात बदलत नाही. तो पुन्हा तसाच पळत राहिला, माझी मान पुन्हा दुखत राहिली. मग गेल्या वर्षी पळणं थोडं कमी झालं. मला वाटलं वय झालं. तोंडावर सूज आली तेव्हा वाटलं झोप कमी होते. त्यानंही आयुष्यभर हेच पाणी प्यायलेलं. ज्या दिवशी त्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी तो माझ्या दुकानात आला, काउंटरवर हात ठेवून उभा राहिला, म्हणाला, "मलेबी आता खामगाव," आणि गेला.

कोण नेणार, हा प्रश्नच पडला नाही. आठवड्यातून दोनदा पिकअप गॅरेजसमोर थांबायला लागली. मागे वसंतराव. हनीफभाई दांडा धरून आपल्याच हातानं जोडलेल्या पिवळ्या पायरीवर पाय ठेवायचा आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसायचा. ताई सांगायच्या, दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी लागतात, आणि सुरुवातीला भाईंचा हात हलला की वसंतराव नुसते खोकायचे. चार तास. भिंगरीनं चार तास स्थिर पडायचं. मला ते ऐकवायचं नाही.

शेवटचा दिसला तो खामगावहून परत येताना. दुपारची वेळ. ताईंनी पिकअप माझ्या दुकानासमोर उभी केली, काच खाली झाली. चेहरा केवढासा झाला होता.

"सुधाभाऊ, या ना," तो म्हणाला. "बसा जरासे माझ्यापाशी."

असं बोलावणं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. दुकान तसंच टाकून मी आत चढलो, त्याच्या शेजारी बसलो. वसंतराव झोपले होते. गजाननला मी चहा सांगितला. हनीफभाईनं दोन बोटांनी माप दाखवलं.

"अर्धाच. डॉक्टरचं पाण्याचं मोजमाप हाय आता."

अर्धा ग्लास आला. तो दोन्ही हातांत धरून त्यानं घोट घोट घेतला. रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर करकरत गेला, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. मध्येच थांबून तो ग्लासात बघायचा, किती उरलाय ते, आणि पुन्हा ओठाला लावायचा. मग ग्लास माझ्या हातात दिला.

"निघा, ताई," तो म्हणाला.

मी उतरलो. पिकअप निघाली. मागच्या काचेतून त्याची टोपी दिसत होती. पहिला गिअर, दुसरा, वळणापाशी तिसरा, कुठेही धक्का न खाता गाडी सरळ त्याच्या मोहल्ल्याकडे गेली. मी हातातला ग्लास गजाननला द्यायला उपडा केला. त्यातून थेंबही पडला नाही.